आभार पुरे

माझ्या उजव्या हाताची बोटं अजून पेन धड धरत नाहीत. म्हणून मी बोलते आहे आणि माझी मुलगी प्रिती टाइप करते आहे. मधेच तिचा हात थांबतो. "मम्मी, ये भी लिखना है?" मी म्हणते, लिही. पापांनाही वाचू दे.

माझं नाव एस्तर साळवे. भिलाईत हुडको वसाहतीत आमचं घर आहे. माझे मिस्टर, विजय, स्टील प्लांटच्या रोलिंग मिलमध्ये क्रेन चालवतात. मी एका शाळेत पहिली-दुसरीच्या मुलांना शिकवते. आमच्या दोघांचीही घरं मूळची विदर्भातली, आजोबांच्या काळापासून ख्रिस्ती. मला जो आजार झाला त्याला डॉक्टर जीबीएस म्हणतात. त्याची माहिती मोबाइलवर कुणालाही मिळेल. मी एवढंच सांगते की शरीर स्वतःच्याच नसांवर उलटतं, माणूस पायांपासून वर वर लुळा पडत जातो, आणि डोकं मात्र पूर्ण शाबूत राहतं. हे शेवटचं मला आधी कुणी सांगितलं नव्हतं.

मुंग्या

डिसेंबर लागला होता. त्याआधी माझं पोट चांगलंच बिघडलं होतं, पण ते बरं होऊन मी कामाला लागले होते. करंज्यांसाठी खोबरं किसायला जमिनीवर बसले आणि उठताना दोन्ही तळपायांना मुंग्या आल्या. बसून आल्या असतील म्हणून पाय झटकले. मुंग्या गेल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी शाळेचा जिना चढताना कठडा धरावा लागला. मुलं मागून येत होती आणि मला पुढे पाऊल टाकता येईना, तेव्हा मी त्यांना म्हटलं, तुम्ही व्हा पुढे, मी मोजते आहे.

विजयना सांगितलं तर ते म्हणाले, "थकली असशीन. नाताळचं सारं एकटीच काहून करून राहिली? प्रितीले लाव कामाले."

आमच्या घरी डिसेंबरभर एक पद्धत आहे. माझे सासरे नंदिनी नगरला चुनखडीच्या खाणीत होते, तिथल्या क्वार्टरमध्ये त्यांनी ती सुरू केली. संध्याकाळी जेवायच्या आधी प्रत्येकाने त्या दिवसातल्या एका गोष्टीबद्दल देवाचे आभार मानायचे. 'सगळ्याबद्दल' म्हटलेलं चालत नाही. कालचीच गोष्ट आज चालत नाही. प्रिती लहान असताना "आज पालक नव्हता" म्हणून आभार मानायची आणि सासरे तेही चालवून घ्यायचे. ते गेल्यावर विजयनी ही पद्धत कधी चुकू दिली नाही. शिफ्ट असली तर फोनवरून.

त्या संध्याकाळी मी म्हटलं, आज मी जिना चढू शकले याबद्दल. सगळे हसले. मीही.

पुढच्या सकाळी बाथरूममध्ये माझे गुडघे मुडपले आणि मी खाली बसले ती बसलेच. घसरले नव्हते, चक्कर आली नव्हती. पायांनी नुसतं काम सोडलं होतं. विजय पहिल्या पाळीला गेले होते. प्रितीने शेजारच्यांना बोलावलं आणि मला चादरीत घालून दवाखान्यात नेलं.

त्योहार भूल जाइए

डॉक्टर तरुण होते. त्यांनी माझ्या गुडघ्यांवर लहान हातोडीने मारलं. पाय हलला नाही. पुन्हा मारलं, नाही. मग म्हणाले, एक श्वास घ्या आणि तेवढ्यात जितके आकडे मोजता येतील तितके मोजा. मी मोजले. त्यानंतर दर दोन तासांनी कुणीतरी येऊन तेच मोजायला लावायचं आणि दर वेळी मी आधीपेक्षा लवकर थांबायची. पहिलीच्या मुलांना आकडे शिकवणारी मी वीसच्या आत अडकत होते.

पाठीतून पाणी काढलं, नसांची तपासणी झाली. मग डॉक्टरांनी विजयना आणि मला सोबतच सांगितलं, ते मला आवडलं. मी विचारलं, नाताळपर्यंत घरी जाता येईल ना? ते म्हणाले, "मैडम, अभी त्योहार को भूल जाइए. अभी बस साँस पे ध्यान दीजिए."

विजय खिडकीकडे बघत उभे होते. त्यांनी माझा हात धरला. मला त्यांचा हात जाणवला, पण माझा हात त्यांचा हात दाबू शकला नाही. त्यांना ते कळलं. त्यांनी सोडला नाही.

दुसऱ्या दिवशी श्वासाची नळी घालायची ठरली. घाई सुरू झाली. प्रिती माझ्या उशाशी येऊन रडत होती. मला तिला काहीतरी मोठं, लक्षात राहील असं सांगायचं होतं, पण श्वास पुरत नव्हता. मी म्हटलं, "लोणी फ्रीजमधी हाय." त्यानंतर कितीतरी आठवडे माझं ते शेवटचं वाक्य होतं.

छत

ज्यांच्या घरी असा पेशंट आहे त्यांनी हा भाग नीट वाचावा.

मी झोपलेली नव्हते. मी बेशुद्ध नव्हते. मला सगळं ऐकू येत होतं, दिसत होतं, दुखत होतं. फक्त मी बाहेर येऊ शकत नव्हते. माझ्या वर छताचे पांढरे चौकोन होते आणि त्यातल्या एकावर गळतीचा डाग होता. मान वळत नसल्यामुळे कुणी कुशीवर वळवेपर्यंत तेवढंच माझं जग. एसीचा झोत थेट माझ्या डाव्या पायावर येत होता. चादर सरकली की तो पाय बर्फ व्हायचा, आणि चादर रोज सरकायची.

नळीतून कफ ओढायला यायचे तेव्हा वाटायचं आता संपलं. त्यापेक्षा जास्त भीती होती ती श्वास देणाऱ्या यंत्राची नळी निसटण्याची. निसटली की यंत्र ओरडायचं आणि कुणीतरी धावत यायचं. ते येईपर्यंत मी छताकडे बघत श्वासाशिवाय पडून. ओरडता येत नाही, हात मारता येत नाही, चेहराही वाकडा करता येत नाही. नंतर गळ्याला भोक पाडून नळी तिथे बसवली तेव्हा तोंड मोकळं झालं, पण आवाज आला नाही.

पापण्या मात्र मिटत होत्या. सिस्टर लतानेच ते आधी ओळखलं. ती इथलीच, धमध्याकडची. तिने विजयना सांगितलं की हो असेल तर डोळे मिटायचे, नाही असेल तर उघडे ठेवायचे, असं विचारून बघा. विजयनी लगेच त्यापुढची युक्ती काढली. ते एकेक अक्षर म्हणायचे, अ, आ, इ, मग क, ख, ग, घ, आणि अक्षरामागून काना-मात्रा, आणि हवं ते आलं की मी डोळे मिटायचे. एका शब्दाला भेटीची अर्धी वेळ जायची. माझा पहिला शब्द होता 'पाणी'. ते द्यायला परवानगी नव्हती.

शांत चेहरा

आमच्या चर्चच्या मंडळीतली माणसं चांगली आहेत, हे आधी सांगते. त्या महिन्यात आमच्या घरी रोज कुणाचा तरी डबा आला. कुणी विजयना प्लांटच्या गेटवरून दवाखान्यात सोडायचं, कुणी प्रितीसोबत घरी झोपायला यायचं.

पण ते माझ्याजवळ यायचे आणि आभार मानायचे.

पाळकसाहेब आले. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि प्रार्थना केली की देवबापा, आम्ही या आजाराबद्दलही तुझे आभार मानतो, कारण तुझी योजना चांगली असते. सोबत मंडळीतल्या एक बाई होत्या, त्या आमेन म्हणाल्या. मी आत ओरडत होते. या आजाराबद्दल? तुम्ही इथे झोपून बघा. मला त्यांचा हात डोक्यावरून काढून टाकायचा होता. ते जमेना म्हणून मी डोळे मिटून घेतले, म्हणजे निदान दिसू तरी नयेत.

त्या बाई हळूच म्हणाल्या, "पाहा, बहिणीनं बी आमेन म्हटलं. चेहरा किती शांत हाय."

चेहरा शांत होता, कारण गाल आणि ओठ लुळे पडले होते. डोळे मिटणं म्हणजे हो, हे माझ्याच नवऱ्याने सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. माझ्याकडे एकच दार होतं आणि ते बंद केलं तरी त्याचा अर्थ 'या, आत या' असा होत होता.

तारा

विजय रोज संध्याकाळी पाचच्या भेटीला यायचे. मिलमधून थेट, चेहऱ्यावर काजळी तशीच. खुर्ची नसायची, उभेच राहायचे. आल्यावर दिवसातली एक गोष्ट सांगून आभार मानायचे. आज क्रेनचा ब्रेक वेळेवर दुरुस्त झाला. आज प्रितीने चांगली खिचडी केली. मग म्हणायचे, "आता तुही पाळी, एस्तर," आणि अक्षरं म्हणायला लागायचे.

पहिल्या काही दिवशी मी काहीतरी शब्द दिला. 'प्रिती' म्हटलं. 'लता' म्हटलं. ते खूश होऊन जायचे. नंतर माझ्यात काही उरलं नाही. ते अ ते ज्ञ म्हणायचे, मी डोळे उघडे ठेवून छताकडे बघत राहायची. ते पुन्हा अ पासून सुरू करायचे.

माझ्या सासूबाई तेव्हा आमच्या घरीच येऊन राहिल्या होत्या. त्यांनी उपास धरला होता. कुणीतरी विजयच्या मनात भरवलं होतं की आजारी माणसानं स्वतः आभार मानल्याशिवाय आशीर्वाद मोकळा होत नाही. ते त्यांनी मला सांगितलं नाही, पण त्यांच्या आवाजावरून मला कळत होतं की ही आता आमची घरची पद्धत राहिली नव्हती. ते औषध झालं होतं आणि मी ते घेत नव्हते.

नाताळच्या चार-सहा दिवस आधी प्रिती आणि ते सोबत आले. घरावर कागदी तारा लावायचा की नाही यावरून दोघांचं वाजलं. विजयचं म्हणणं, दरवर्षी लावतो, यंदाही लावू, देवावर आपला भरवसा आहे हे दिसलं पाहिजे. प्रिती म्हणाली की मम्मी इथे अशी पडली आहे आणि आपण रोषणाई करायची? ती म्हणाली, मला घरात करंजीचा वास सहन होत नाही, करंज्यांसाठी आणलेलं लोणीही मी काल कामवाल्या बाईला देऊन टाकलं. विजय म्हणाले, तुझा विश्वासच कमी आहे. ती म्हणाली, "पापा, आप मम्मी को देखते ही नहीं हो. आप सिर्फ़ वो एक शब्द सुनने आते हो."

हे सगळं माझ्या अंगावरून चाललं होतं. एक डावीकडे, एक उजवीकडे, मधे मी. माझ्या घरात मी कधी त्यांना असं भांडू दिलं नव्हतं. सिस्टर लता आली आणि तिच्या छत्तीसगढीत म्हणाली, "दाई सब सुनत हे. बाहिर जाके लड़व." दाई म्हणजे आई, म्हणजे मी. दोघांनी एकदम माझ्याकडे बघितलं. मला वाटतं त्या दिवशी पहिल्यांदा त्यांना खरंच कळलं की मी तिथे आहे.

प्रिती बाहेर गेली. विजय थांबले. जवळ येऊन म्हणाले, "तुले काई म्हणायचं हाय का?" मी डोळे मिटले. ते अक्षरं म्हणू लागले. आ. भ, त्याला काना. र. त्यांचा चेहरा उजळत गेला, शब्द पूर्ण व्हायच्या आधीच त्यांनी म्हटला, आभार. आणि मग मी पुढे गेले. प. त्याला उकार. र. त्याला मात्रा.

आभार पुरे.

त्यांनी दोन्ही शब्द जोडून पुन्हा म्हटले, मला विचारलं, हेच म्हणायचं आहे का. मी डोळे मिटले.

ते पलंगाची दांडी धरून उभे राहिले. "मंग मी काय करू?" ते म्हणाले. "मले दुसरं काई येत नाई, एस्तर. मी डॉक्टर नाई, काई नाई. मले एवढंच येते." आणि भेटीची वेळ संपायच्या आधी निघून गेले.

मी त्यांना हाक मारू शकले नाही. मी त्या माणसाचं एकुलतं हत्यार त्याच्या हातातून काढून घेतलं होतं आणि आता मला ते परतही करता येत नव्हतं. पण खोटं सांगत नाही, मला हलकंही वाटलं. कितीतरी दिवसांनी मी काहीतरी खरं बोलले होते.

आई

पुढचे दिवस विजय रोज आले, पण काही विचारलं नाही. माझा हात धरून उभे राहायचे, डॉक्टरांशी बोलायचे, जायचे. देवालाही मी काही म्हणत नव्हते. मी त्याच्यावर विश्वास ठेवत होते की नाही हे मला सांगता येणार नाही. तो आहे, हे माहीत होतं, आणि तो तिथेच असून काही करत नाही याचा राग होता. कुणी म्हणेल हा विश्वास नव्हे. असेल.

नाताळच्या सकाळी सगळे उपासनेला गेले असणार. वॉर्डात कुणीतरी मोबाइलवर कॅरल लावलं होतं. सिस्टरने केसांत लाल फीत बांधली होती. माझ्या छतावर तोच डाग.

सकाळच्या भेटीला सासूबाई आल्या. एकट्या. उपासनेला न जाता ऑटो करून आल्या होत्या. नंदिनीच्या क्वार्टरमध्ये चाळीसेक वर्षं त्यांनी एकही नाताळची उपासना चुकवलेली मला माहीत नव्हती. मी मनात म्हटलं, आता या प्रार्थना करणार.

त्यांनी प्रार्थना केली नाही. पलंगाच्या पायथ्याशी उभ्या राहून चादर नीट करू लागल्या. त्यांचा हात माझ्या डाव्या पायाला लागला आणि तिथेच थांबला. मग उजव्या पायाला लावून पाहिला. मग वर बघितलं, एसीकडे.

"अवं, हा पाय तं गारठला," त्या म्हणाल्या. "कवापासून असा हाय?"

त्यांनी सिस्टरला विचारलं, आणि पिशवीतून स्वतःसाठी आणलेले लोकरीचे मोजे काढले. मोजा चढवण्याआधी दोन्ही हातांनी तो पाय चोळला. जोरात नाही, मला स्पर्शही दुखायचा, ते त्यांना कुणी सांगितलं होतं की नाही माहीत नाही. तळवा त्यांनी आपल्या पोटाशी धरला, साडीच्या पदरात, लहान मुलाचा धरतात तसा. मग मोजा चढवला.

चढवता चढवता त्या बोलत होत्या, माझ्याकडे न बघता. "विजयनं सांगितलं मले, तू काय म्हटलं ते. मी बी आज देवाचे आभार नाई मानले. मानावं वाटलंच नाई. त्यानं माही सून अशी टाकून ठेवली अन् मी काय म्हणू त्याले? मी त्याले म्हटलं, तू पाह्य आता." मग मोजा घोट्यावर ओढला. "तुले जवा वाटन तवा म्हणजो पोरी. नाई वाटलं तं नको म्हणू. मी बसते तवर."

खुर्ची नव्हतीच. त्या पलंगाच्या कडेला टेकल्या, सिस्टरने बघून न बघितल्यासारखं केलं.

पाय हळूहळू गरम होत गेला. मला तो तळव्यापासून बोटांपर्यंत परत येताना कळत होता. आणि माझ्या आत काहीतरी झालं, ते मी ठरवून केलं नाही. मी आभार मानले नाहीत. ते झाले. जसं तहानलेल्याच्या घशाखाली पाणी जाताना घसा आपोआप हलतो तसं. एका पायापुरते. बाकी सगळं तसंच होतं. मी तशीच अडकलेली होते, नळी तशीच होती, राग होताच. पण तो पाय गरम होता, आणि तो देवाने गरम केला की सासूबाईंनी, हे मला त्या वेळी वेगळं करता आलं नाही.

संध्याकाळी विजय आले. नवा शर्ट घातला होता, प्रितीने आग्रह केला असणार. त्यांनी माझा हात धरला. मी त्यांच्याकडे बघून पुन्हा पुन्हा डोळे मिटू लागले, तेव्हा त्यांनी घाबरत अक्षरं सुरू केली. म, त्याला ओकार. ज, त्याला काना.

"मोजा?" ते म्हणाले. "काय मोजू?"

मग त्यांनी चादर वर केली आणि बघितलं. एका पायात आईचा तपकिरी मोजा. दुसरा पाय उघडाच होता, कारण तो गार नव्हता. ते बराच वेळ तिथे बघत राहिले. आभार हा शब्द त्यांनी काढला नाही, आमेनही म्हणाले नाहीत. चादर सारखी करून माझ्याजवळ आले आणि म्हणाले, "एस्तर, मी आज तारा लावला नाई. प्रितीनंच लावला. मले सांगितलंच नाई."

बाहेर

त्यानंतर मी लवकर बरी झाले असं नाही. आभार मानले आणि चमत्कार झाला असं कुणाला लिहायचं असेल तर त्यांनी दुसऱ्याचं अनुभवकथन शोधावं. नवीन वर्ष मी त्याच छताखाली पाहिलं. जानेवारीत एक दिवस उजव्या खांद्याखाली काहीतरी हललं. मग यंत्र थोडा थोडा वेळ काढायला लागले, आणि यंत्राशिवायचे पहिले श्वास इतके भीतिदायक होते की मीच डोळ्यांनी यंत्राकडे खुणा करायची. आवाज आला तेव्हा तो घोगरा, म्हाताऱ्या पुरुषासारखा होता. उन्हाळा लागल्यावर घरी आले ती व्हीलचेअरवर. नंतर वॉकर, नंतर काठी. आज काठी घरात सोडून चालते. तळपाय अजून अर्धे बधिर आहेत, चप्पल पायातून निघालेली कळत नाही, आणि जिना चढताना मी अजून कठडा धरते.

विजय आणि मी त्या दोन शब्दांबद्दल नंतर बोललो. पावसाळ्यात, घराच्या ओट्यावर. ते म्हणाले, मला वाटलं तू देवाला सोडलंस आणि मलाही. मी म्हटलं, मला वाटलं तुम्ही मला ऐकणं सोडलंत. दोन्ही थोडं थोडं खरं होतं. आम्ही ते तसंच ठेवलं.

समाधानाबद्दल मी आधी पुष्कळ ऐकलं होतं. आता मला एवढंच कळतं की समाधान म्हणजे पिंजरा आवडणं नव्हे. पिंजऱ्याला पिंजरा म्हणण्याची मुभा असली तरच आत आलेला पाण्याचा घोट गोड लागतो. तुमच्या घरचा पेशंट सणाच्या दिवसांत आभार मानत नसेल तर त्याला राहू द्या. त्याच्याशी बोला, त्याच्यावरून बोलू नका. त्याचे पाय बघा. आणि उत्तर मिळालं नाही तरी उद्या परत या.

अहिवाऱ्याचे गजभिये

पुढच्या डिसेंबरात मी स्वयंपाकघरात खुर्ची टाकून बसले होते आणि प्रिती माझ्या हुकमाने कणीक मळत होती, तेव्हा फोन आला. अहिवाऱ्याच्या सुजाता गजभिये. तिचे मिस्टर रेल्वेत होते, त्यांना तोच आजार झाला होता आणि ते त्याच वॉर्डात यंत्रावर होते. सिस्टर लताने तिला माझा नंबर दिला होता.

ती म्हणाली, "ताई, तुमी एक डाव येऊन त्याईले सांगा ना, का माणूस बरा होते म्हणून. आमी तं बुद्धाचे हाव, पण तुमची प्रार्थना बी करा. आमाले चालन."

मला जायचं नव्हतं. तो दरवाजा, तो वास, यंत्राचा तो आवाज. दोन दिवस मी टाळलं. मग विजयना म्हटलं, मला सोडून या. ते बाहेर थांबले. मी भिंतीला हात लावत आत गेले.

गजभियेंचा पलंग भिंतीकडे होता. चाळिशीचा माणूस, दाढी वाढलेली, गळ्यात नळी, आणि पोटात अन्न जायची दुसरी नळी नाकात, पट्टीने नाकावर चिकटवलेली. चेहरा अगदी शांत. मला तो चेहरा ओळखता आला.

सुजाता त्यांच्या कानाशी वाकून म्हणाली, "अहो, या साळवेताई. याईले बी हेच झालं होतं. पाहा कशा चालून राहिल्या." मग माझ्याकडे आशेने बघू लागली. तिला वाटत होतं मी आता धीर देईन. मी वाक्यं ठरवूनही आले होते. त्यांचे डोळे बघून ती सगळी गेली.

मी वाकले, त्यांना माझा चेहरा दिसेल अशी. म्हटलं, "भाऊ, मी याच वॉर्डात होती. हो म्हणायचं असन तं डोये मिटजा." त्यांनी मिटले.

"नाक खाजून राहिलं का?"

मला कुणी हे कधी विचारलं नव्हतं. तशाच पट्टीखाली माझं नाक आठवड्यामागून आठवडे खाजत होतं आणि मीही ते कधी सांगितलं नाही. विजय अक्षरं म्हणू लागले की वाटायचं, इतक्या कष्टाने मिळणारा शब्द, तो काहीतरी मोठा असला पाहिजे.

गजभियेंनी डोळे मिटले. घट्ट, आणि मिटूनच ठेवले.

मी पट्टीच्या कडेला बोट लावलं. माझ्या बोटांत जोर नव्हता, म्हणून डाव्या हाताने उजवं मनगट धरून खाजवायला लागले. मागून सुजाता हळूच म्हणाली, "ताई, प्रार्थना?"

"करते," मी म्हटलं. "पहिले हे होऊ दे."

त्यांनी डोळे उघडले आणि बुबुळं किंचित वर नेली. जरा वर, असं म्हणत होते. मी बोट वर सरकवलं.